बेटावर दुसरी गाडी नसते

रंकाळ्यावर भेळवाल्यानं भाव चढवून सांगितला तर कोल्हापूरकर वाद घालत बसत नाही, दोन पावलं पुढं जातो. पुढं दुसरी गाडी असते, तिथं पटलं नाही तर तिसरी. महाद्वार रोडवर चपला घेताना हेच, लक्ष्मीपुरीत गूळ घेताना हेच. आपण सहलीचं बजेट म्हणून जे काही करतो ते बहुतेक वेळा रस्त्यानं चालता चालता करतो. गोव्याला गेलं तरी हॉटेल महाग वाटलं तर मागच्या गल्लीतली खानावळ सापडतेच.

मालदीवच्या रिसॉर्टवर ही सवय कुचकामी ठरते. तिथला नियमच एक बेट, एक रिसॉर्ट असा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं, की संपलं बेट. पाण्याची बाटली, दुपारचं जेवण, डोकेदुखीची गोळी, परतीची बोट, सगळं एकाच मालकाकडं. पुढं दोन पावलं टाकली तर पाय समुद्रात. म्हणून घासाघीस, तुलना, 'बघू या जरा' हे सगळं इथंच, शाहूपुरीत नाहीतर राजारामपुरीत घरच्या टेबलावर उरकून निघावं लागतं. बेटावर उतरल्यावर निवडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आपण 'कवडीमोल' म्हणतो ती कवडी शेकडो वर्षं याच बेटांवरून भारतात यायची. चौदाव्या शतकात इब्न बतूता काही काळ तिथं काझी होता. बेटांवरचे लोक समुद्रातून कवड्या गोळा करतात आणि बंगालच्या व्यापाऱ्यांना तांदळाच्या बदल्यात देतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. देवीच्या परडीतली, आराध्यांच्या माळेतली कवडी त्याच कुळातली. तेव्हा तांदूळ बाहेरून यायचा, आजही येतो. भाजी, दूध, साखर, डिझेलसुद्धा. रिसॉर्टवर वीज स्वतःच्या जनरेटरवर, प्यायचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून, आणि राबणारी माणसं त्याच बेटावर मागच्या बाजूला राहणारी. पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं. आपल्याकडं दुष्काळ पडला तेच साल. तेव्हापासून धंद्याचं गणित तेच आहे: गावाशिवाय गाव चालवायचं. तिथल्या साध्या सँडविचची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात तेव्हा पावाच्या दोन कापांइतकंच हे सगळं त्या बिलात असतं.

आता आकडे. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. निघताना जो असेल तो घाला. दोन माणसं, चार रात्री. जाहिरातीत खोली २५० डॉलर रात्रीची, सोबत नाश्ता. चार रात्रींचे हजार डॉलर, म्हणजे ९० हजार रुपये. इथपर्यंत पाहून लोक खूश होतात आणि व्हॉट्सॲपवर घरच्यांना फोटो पाठवतात. पण किमतीपुढं बारीक अक्षरात अधिकची दोन चिन्हं असतात. त्यांना तिथं 'प्लस प्लस' म्हणतात. पहिलं प्लस सर्व्हिस चार्जचं, १० टक्के: हजाराचे अकराशे. दुसरं पर्यटन जीएसटीचं. तो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो: १,२८७ डॉलर. म्हणून एक गुणक पाठ करून ठेवा: प्लस प्लस दिसलं की किमतीला १.२९ नं गुणायचं. सत्तावीस टक्के धरणाऱ्याचा हिशेब इथंच थोडा चुकतो, कारण करावर कर बसलेला असतो.

यानंतर ग्रीन टॅक्स. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी दिवसाला १२ डॉलर. दोघांचे चार दिवसांचे ९६. खोली कितीही स्वस्तात मिळवा, हा कर तेवढाच. बेरीज १,३८३. मग विमानतळापासून बेटापर्यंतची स्पीडबोट. जाऊन-येऊन माणशी १५० डॉलर धरू, म्हणजे ३००. बेरीज १,६८३. अजून दुपारचं आणि रात्रीचं जेवण बाकी आहे. त्याचा दर माणशी दिवसाला ८० डॉलर प्लस प्लस धरला, तर चार दिवसांचे दोघांचे ६४० आणि करांसह ८२४. एकूण २,५०७ डॉलर. चार रात्रींनी भागा: २५० डॉलरची खोली रात्रीला ६२७ डॉलरला पडली. हजार डॉलरची सहल अडीच हजारांवर गेली, आणि यात कुणी फसवलेलं नाही. सगळं कुठं ना कुठं लिहिलेलंच होतं.

रुपयांत हे सव्वादोन लाख. त्यात मुंबई ते माले, म्हणजे मालदीवची राजधानी, असं जाऊन-येऊन विमान, माणशी २८ हजार धरले तर दोघांचे ५६ हजार. कोल्हापूर-मुंबई प्रवास, मुंबईत एका रात्रीची खोली, टॅक्सी: १० हजार. प्रवास विमा २ हजार. समुद्रातल्या दोन सफरींना २०० डॉलर, म्हणजे १८ हजार. झाले ३ लाख ११ हजार सहाशे. वर दहा टक्के शिल्लक ठेवायची, म्हणजे ३ लाख ४२ हजारांच्या घरात. यातल्या खोली, बोट, जेवण, विमान यांच्या किमती मांडणीसाठी घेतल्यात, तुमच्या रिसॉर्टच्या वेगळ्या असतील. कर मात्र हेच, आणि गणिताचा साचाही हाच. दहा टक्क्यांची शिल्लक सोडायचा मोह होतो. सोडू नका. बोट चुकली, पाऊस लागला, कान दुखायला लागला, तर ती त्याच दिवशी लागते.

दोन वर्षांची भिशी लावली तर हे दोघांत मिळून महिना सव्वाचौदा हजार होतात. ऊसबिलावर किंवा दिवाळीच्या बोनसवर भिस्त असेल तर हप्ते त्या बेतानं पाडा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: साठवता रुपयांत, द्यायचे डॉलरमध्ये. वरच्या हिशेबात २,७०७ डॉलर आहेत, म्हणजे डॉलर एका रुपयानं चढला की २,७०७ रुपये वाढले. पाच रुपयांनी चढला तर साडेतेरा हजार, म्हणजे जवळपास एक महिन्याचा हप्ता. म्हणून सगळं शेवटी एकदम भरण्यापेक्षा खोलीचे पैसे आधी, सफरींचे नंतर अशी विभागणी बरी. खोलीचा रद्द करता येणारा दर आणि न येणारा दर यांत बराच फरक असतो. पहिल्यांदा जाताना, पासपोर्ट हातात नसताना, पैसे परत न मिळणाऱ्या स्वस्त दराला भुलणं हा आमच्या मते सरळ सरळ जुगार आहे.

या सगळ्यात सहल स्वस्त की महाग हे ठरवणारी गोष्ट खोली नाही, विमानतळापासूनचं अंतर आहे. लोक पाण्यावरच्या खोल्यांचे फोटो बघत बसतात. नकाशा आधी बघावा. मालदीवची हजारावर बेटं २६ प्रवाळकड्यांमध्ये विखुरलेली आहेत, उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरच्या पट्ट्यात. अशा कड्याला तिथल्या धिवेही भाषेत 'अथोळू' म्हणतात. जगभर वापरला जाणारा 'अटॉल' हा शब्द तिथूनच आला. मालेच्या आसपासच्या बेटांवर स्पीडबोट वीस मिनिटं ते तासाभरात नेते. तिची गोदी विमानतळाच्या दारासमोरच आहे. बाहेर यायचं, रिसॉर्टच्या नावाचा काउंटर शोधायचा, बोटीत बसायचं. रात्री उतरलात तरी बहुतेक ठिकाणी बोट मिळते.

लांबच्या बेटांना सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. वरून दिसणारं दृश्य अप्रतिम, यात वाद नाही. पण भाडं जाऊन-येऊन माणशी ५०० डॉलर धरलं तर वरच्या बजेटमध्ये ७०० डॉलरची, म्हणजे ६३ हजारांची भर पडते. शिवाय ही विमानं डोळ्यांनी पाहून उडवतात, त्यामुळं फक्त दिवसाउजेडी. मालेला दुपारी साडेतीनच्या पुढं उतरलात तर त्या दिवशीचं सी-प्लेन बहुधा मिळत नाही. मग विमानतळाजवळ हुलहुमालेत एक रात्र काढावी लागते, आणि रिसॉर्टवर पहिल्या रात्रीचे भरलेले पैसे बुडतात. नेमकी वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी कळते, कारण कोण कुठल्या बेटावर उतरणार हे पाहून फेऱ्या लावल्या जातात. कधी वाटेत दोन-तीन बेटांवर थांबतं. सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. तिसरा मार्ग देशांतर्गत विमान आणि पुढं बोट. ते संध्याकाळनंतरही उडतं, पण वाट पाहण्यात निम्मा दिवस जातो. चार रात्रींच्या पहिल्या सहलीला आमचं मत स्पष्ट आहे: स्पीडबोटीच्या टप्प्यातलं बेट घ्या, आणि वाचलेल्या पैशांत जेवणाचा प्लॅन वाढवा.

बोटीत मागच्या बाजूला बसा. पुढचा भाग लाटेवर आपटतो, मणक्याला दणका बसतो आणि मळमळही पुढंच जास्त. ज्यांना आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या वळणांवर लागतं त्यांनी बोटीच्या अर्धा-एक तास आधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

कोल्हापूरहून मालेला थेट काही नाही. मुंबईहून थेट विमानाला पावणेतीन-तीन तास लागतात, बंगळूरहून त्याहून कमी. चूक होते ती कोल्हापूर ते मुंबई या टप्प्यात. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोचते हे खरं, पण आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजर राहायचं असतं, आणि मालेची विमानं बऱ्याचदा सकाळचीच. शिवाय गाडीला तास-दीड तास उशीर झाला तर विमान कंपनीला त्याचं काही नाही. रेल्वेचं तिकीट एकीकडं, विमानाचं दुसरीकडं. रस्त्यानं गेलं तर महामार्गाच्या रुंदीकरणाची वळणं, खंबाटकी, मग खंडाळा. कुठंही एक ट्रक आडवा झाला की दोन तास गेले. उजळाईवाडीहून मुंबईला विमान असेल त्या दिवशी ते घ्या, पण आदल्या दिवशीचं. मुक्काम अंधेरीत, सहारच्या टर्मिनलपासून पंधरा-वीस मिनिटांवर. बंगळूरचा पर्यायही कागदावर मांडून बघा: रात्रीची बस पुणे-बंगळूर महामार्गानं तुमकूरकडून शहरात शिरते आणि विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीला आहे. म्हणजे पूर्ण शहर ओलांडावं लागत नाही, तरी बस आणि विमान यांत पाच-सहा तास मोकळे ठेवा.

कधी जायचं याचं उत्तर आपल्या पंचांगातही सापडतं. मालदीवचे कोळी वर्षाचे सत्तावीस भाग करतात, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा, त्याला 'नकय्' म्हणतात. नक्षत्रच ते. त्यांचं रोआनु म्हणजे आपली रोहिणी, मियाहेली म्हणजे मृग, अधा म्हणजे आर्द्रा, अथा म्हणजे हस्त. पन्हाळ्याच्या पायथ्याचा शेतकरी आणि तिथला कोळी एकाच वाऱ्याची वाट पाहतात, फक्त तो त्यांच्याकडं आधी पोचतो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा, त्याला ते 'हुळंगू' म्हणतात: पाऊस, खवळलेला समुद्र, आणि उतरलेले दर. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा 'इरुवइ': कोरडी हवा, काचेसारखं पाणी, चढलेले दर. ख्रिसमस ते नवीन वर्ष या दिवसांत खोली तर महागतेच, वर एक 'गाला डिनर' सक्तीनं बिलात येतं, माणशी शे-दोनशे डॉलर किंवा अधिक. जेवलात नाही तरी.

कोल्हापूरकरांना सुट्टी मिळते ती नेमकी दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीचे दिवस वारा बदलण्याचे. दर अजून पुरते चढलेले नसतात, हवा बरी असण्याची शक्यता चांगली. मे महिन्याचा उत्तरार्ध मात्र जुगाराचा. तिथला पाऊस राधानगरीसारखा आठवडाभर झड लावून बसतोच असं नाही, सर येते आणि ऊन पडतं. पण दोन-तीन दिवस सलग ढग राहिले तर चार रात्रींच्या सहलीत उरतं काय? पावसाळ्यात जायचंच तर चाराऐवजी पाच रात्री धरा आणि खोली वाऱ्याच्या आडोशाची, पूर्वेकडची मागा. मोठे चपटे मांटा मासे बघायचे असतील तर उलट पावसाळाच खरा: बा अटॉलमधल्या हनिफारूच्या उपसागरात ते जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान जमतात. सरकारी सेवक असाल, मुलं शाळेत नसतील, तर जानेवारीचा शेवट ते मार्च. लग्नसराईची पत्रिका आडवी आली तर आली.

जेवणाच्या बाबतीत कोल्हापूरचा माणूस बेटावर दोनदा फसतो. पहिल्यांदा, 'नाश्ता भरपूर करू, दुपारी बघू' म्हणून. खारट वाऱ्यात दोन तास पोहून आल्यावर बारा वाजता जी भूक लागते तिला नाश्त्याचं उत्तर पुरत नाही, आणि सुट्टं जेवण मागवलं की एका ताटाला २५ ते ४० डॉलर प्लस प्लस. दुसऱ्यांदा, हाफ बोर्ड घेतल्यावर. त्यात नाश्ता आणि रात्रीचं जेवण येतं, पण पेय येत नाही, आणि काही ठिकाणी जेवताना घेतलेलं पाणीही पेयात मोजतात. बुक करण्याआधी एवढंच विचारा: जेवणासोबतचं पाणी धरलंय का? न पिणाऱ्यांना फुल बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं, पुरतं. रोज दोन-तीन पेग घेणाऱ्यांनी ऑल इन्क्लुझिव्हचा, म्हणजे पेयंही धरलेल्या दराचा, फरक मोजून बघावा, कारण सुट्ट्या पेगवरही तेच १.२९. बाहेरून बाटली नेता येत नाही. मालेच्या कस्टम्समध्ये ती काढून घेतात आणि परत जाताना देतात.

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. बहुतेक मोठ्या स्वयंपाकघरात भारतीय आचारी असतो. आधी ईमेल करून कळवलं तर वरण-भात मिळतो. आयत्या वेळी कळवलं तर उकडलेल्या भाज्या. तिखटाची सोय स्वतःची असू द्या. कांदा-लसूण चटणीचं सीलबंद पाकीट सामानात, हातातल्या पिशवीत नको. सुकं खोबरं मात्र चटकन पेट घेणारं म्हणून विमानात चालत नाही, तेव्हा अंबाबाईच्या प्रसादातली वाटी घरीच ठेवा.

हे सगळं ऐकून 'आपल्याला नको' म्हणणाऱ्यांसाठी एक रस्ता आहे, आणि आमच्या मते पहिल्या सहलीला तोच अधिक शहाणपणाचा. २००९ नंतर वस्ती असलेल्या बेटांवर छोटी गेस्टहाउस निघाली. मालेपासून २७ किलोमीटरवरचं माफुशी सगळ्यांत गजबजलेलं. खोली ७० डॉलर प्लस प्लस धरली तर तीन रात्रींचे करांसह २७० डॉलर. पन्नास किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला ग्रीन टॅक्स निम्मा, ६ डॉलर, म्हणजे दोघांचे तीन दिवसांचे ३६. जेवण दिवसाला माणशी २५ धरलं तर १५०. सगळे मिळून ४५६ डॉलर, बोट वेगळी: ४१ हजार रुपयांत तीन रात्री. आणि इथं पुढची गाडी असते! चार हॉटेलं, दोन किराणा दुकानं, सफरी नेणाऱ्यांमध्ये भावाची चुरस. सकाळी मास हुनी खा: धुरी देऊन सुकवलेला ट्यूना, खवलेला ओला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे आपल्या पोळीची चुलत बहीण. दुपारी गरुधिया, ट्यूनाचं पातळ स्वच्छ पाणी भातावर घेऊन. पांढऱ्या रश्श्याची सर त्याला नाही, पण वाटी पुन्हा पुढं करावी असं वाटतं.

तीन रात्री इथं, मग शेवटची एक किंवा दोन रिसॉर्टवर, अशी जोड लावली तर पाण्यावरची खोलीही बजेटमध्ये बसते. अटी मात्र माहीत हव्यात. वस्तीच्या बेटावर दारू अजिबात नाही. पोहण्याचे तोकडे कपडे ठरवून दिलेल्या 'बिकिनी बीच'वरच. गावातून चालताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शुक्रवारी सरकारी फेरी बहुधा बंद, दुपारच्या नमाजाला दुकानं बंद. रमजानमध्ये दिवसा हॉटेलं मिटलेली असतात, तेव्हा तारखा आधी बघा. रिसॉर्टवर यातलं काही जाणवत नाही.

अंदमानचं नाव इथं निघतंच. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, तिथला राधानगर किनारा खरंच देखणा आहे. पासपोर्ट नको, खर्च रुपयांत, दुसरी गाडी मुबलक. लक्षद्वीपलाही जाता येतं, पण परवाना आणि मोजक्या जागा यांमुळं तारीख आपल्या हातात राहत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन, मुलाखत कोल्हापूरच्या पोस्टातल्या सेवा केंद्रात. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. पोलीस पडताळणीला घरी कुणी तरी असू द्या. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न अक्षर एकच हवं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. तिकीट पासपोर्टप्रमाणं काढायचं, आधारप्रमाणं नाही. वैधता सहा महिने शिल्लक असावी. मालदीवचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. विमानाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरायचा, जाताना आणि परत येतानाही. तोही फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते नकली. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत, तेव्हा प्रवासात देव्हाऱ्यातली मूर्ती सोबत ठेवणाऱ्यांनी या खेपेला ती घरीच बसवून जावी.

एजंटाकडून पॅकेज घेणार असाल तर त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या: दोन माणसं, अमुक रात्री, अमुक जेवण, बोट आणि सगळे कर धरून एकूण रुपये इतके. ही ओळ द्यायला जो खळखळ करतो त्याच्याकडून उठून यावं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय, पण तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की वळता होतो. मात्र निघताना तेवढी रोकड हाताशी लागते.

पतसंस्थेच्या किंवा छोट्या बँकेच्या डेबिट कार्डावर विसंबू नका, बरीचशी परदेशात चालत नाहीत. क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बऱ्याचदा बंद असते, ती ॲपमधून चालू करावी लागते. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचं २ ते ३.५ टक्के शुल्क लागतं, वर त्या शुल्कावर जीएसटी. रिसॉर्टचं मशीन 'रुपये की डॉलर?' असं विचारेल. डॉलर दाबा. रुपये ओळखीचे वाटतात, पण तिथं मशीनवाला आपला भाव लावतो. रोख डॉलर थोडे न्या आणि विकणाऱ्याकडं सुट्टे मागा, एकचे आणि पाचचे. शंभराची नोट हातात घेऊन सामान उचलणाऱ्या पोराला काय देणार?

पोहता येत नसेल तर दोन महिने आधी तलावावर नाव घाला. पंचगंगेत सूर मारणाऱ्यांनाही एक सूचना: नदीची ओढ एका दिशेनं असते. बेटाच्या आतल्या उथळ पाण्यात ती नसते, पण प्रवाळाची कड संपते तिथं तळ एकदम खोल जातो आणि भरती-ओहोटीची ओढ लागते. आधी तिथल्या माणसाला विचारूनच उतरा. आणि मिशी. पाण्याखाली बघायला घालतात त्या मास्कची रबरी कड चेहऱ्याला घट्ट चिकटली तरच पाणी आत येत नाही, आणि झुपकेदार मिशीतून ते हमखास शिरतं. नाकाखालचा वरचा काठ थोडा कातरला तरी पुष्कळ फरक पडतो. ज्यांना हे मंजूर नाही त्यांनी दर पाच मिनिटांनी मास्क उपसायची तयारी ठेवावी. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क इथूनच न्यावा. पाण्यावर पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात ते संध्याकाळी कळतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. कोल्हापुरी चप्पल नेऊ नका. खाऱ्या पाण्यानं कातडं ताठरतं, आणि बेटावर दिवसभर माणसं अनवाणीच असतात. प्रवाळाचा तुकडा आणू नका, त्याला बंदी आहे. शंख-शिंपले उचलायलाही बऱ्याच बेटांवर मनाई असते. कवडीसुद्धा किनाऱ्यावरच राहू द्या.

घड्याळाचा घोळ शेवटच्या दिवशी होतो. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. बरीच रिसॉर्ट मात्र उजेड जास्त मिळावा म्हणून मालेच्या एक तास पुढं चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं. बोट नऊला म्हणाले तर कुणाच्या नऊला, हे विचारून घ्या. विमानाची वेळ नेहमी मालेची. बिल आदल्या रात्री मागून बघा. सकाळी गोदीवर बोट घुरघुरत असताना न घेतलेल्या सोड्याची ओळ कुणी शोधत नाही. मिनीबारमधून काही उचललं नसेल तर तसं तेव्हाच सांगून टाका. ओले कपडे रात्रीच गॅलरीत वाळत घाला, विमानाच्या काट्यावर ओला टॉवेल कोरड्याच्या दुप्पट भरतो. आणि परतीचं महालक्ष्मीचं आरक्षण त्याच रात्रीचं काढलं असेल, तर विमान किती वाजता उतरतं ते एकदा पुन्हा बघा.